पेरून टाकलेली वाट

पेरलेल्या वावरात तुम्ही पाय टाकाल का? घाई करू नका, विचार करून सांगा. वावर दुसऱ्याचं आहे, त्यात दोन-दोन पानांची रोपं नुकतीच लागली आहेत आणि तुम्हाला पलीकडं जायचं आहे. शहरातला, अमरावतीच्या राजापेठेतला माणूस म्हणेल, गेलो तर गेलो, काय बिघडतं. आमच्याकडचा माणूस नाही म्हणेल. तो बांधाबांधानं वळसा घालील, उशीर झाला म्हणून घरी शिव्या खाईल, पण पेरलेल्यात पाय घालणार नाही. ठीक. आता पुढचं सांगा. ते वावर चोरानं पेरलं असेल तर? तुमच्याच वाटेवर, तुमची वाट बंद करायसाठीच पेरलं असेल तर?

सावरगव्हाणच्या लोकांनी या प्रश्नाचं जे उत्तर दिलं ते ऐकून माझं डोकं फिरलं होतं. अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही. वाचता वाचता तुमच्या लक्षात येईलच.

सावरगव्हाण हे आमच्या अकोला जिल्ह्यातलं, धरणाच्या काठावरचं गाव. धरण झालं तेव्हा गावाची अर्धी जमीन पाण्याखाली गेली, आणि उरली त्यातली बरीचशी पाण्याच्या पलीकडं राहिली. म्हणजे घर अलीकडं, वावर पलीकडं. ही अक्कल कोणाची ते विचारू नका, तो साहेब कधीच रिटायर होऊन नातवंडं खेळवत असेल. रस्त्यानं जायचं तर धरणाच्या भिंतीला वळसा घालून ऑटोनं अर्धी सकाळ जाते. नावेनं गेलं तर तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत पलीकडचा काठ दिसायला लागतो. ही नाव इंदूबाईची.

इंदूबाई भोयाच्या घरची सून. माहेर पूर्णेच्या काठचं. वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं काटक, आणि तोंड असं की गावात दोन भावांचं भांडण मिटत नसलं की लोक म्हणतात, बोलावू का इंदूले? भांडण तिथंच मिटतं. नवरा वामनराव अकोल्याला एका जिनिंगमध्ये चौकीदार आहे. तरुणपणी जाळ्यात पाय अडकून बुडता बुडता वाचला, तेव्हापासून पाण्यात उतरला नाही. इंदूबाई हे लपवत नाही. चारचौघांत सांगते, "भोयाचा पोरगा हाये अन् बादलीतल्या पाण्याले नमस्कार करते." वामनरावही हसतो. चांगला माणूस आहे.

म्हणून नाव तिच्या हाती आली. सासऱ्यानं तिला वल्हं शिकवलं. सासरा गेला तेव्हा भाऊबंद म्हणाले, बाईमाणूस काय नाव चालवणार, विकून टाका. ती म्हणाली, विका, पण जो वैशाखातल्या वाऱ्यात भरली नाव पलीकडं नेईल त्यालाच विका. वैशाख आला, वारा आला, घेणारा आला नाही.

लाकडाची जुनी नाव सडली तेव्हा तिनं पत्र्याची नवी बांधून घेतली. कोणाकडून? अकोल्यात कूलर बनवणाऱ्या एका वेल्डरकडून. त्यानं आयुष्यात नाव पाहिली नव्हती. तिनं त्याच्या दुकानासमोर फुटपाथवर खडूनं नाव काढून दाखवली आणि तो पत्रा कापत असताना डोक्यावर उभी राहिली. गावानं त्या नावेचं नाव कूलर ठेवलं. आजही सकाळी लोक विचारतात, कूलर निघाला का?

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी भानगड इथं आहे. नदीचा काठ जागेवर राहतो, धरणाचा राहत नाही. पोळ्याच्या सुमाराला पाणी गावाच्या पायऱ्यांशी असतं. दिवाळी झाली की कालव्याला पाणी सोडतात, शहरांच्या नळाला पाणी जातं आणि काठ मागं मागं सरकत जातो. तुम्ही अकोल्यात अंगणात पाइप लावून मोटारसायकल धुता ना, तेव्हा इकडं एखादी नाव चिखलात बसते. माघ-फाल्गुनात तर गाव कुठं आणि पाणी कुठं. सरकारनं गावाला सिमेंटचा एक धक्का बांधून दिलाय, उद्घाटनाची संगमरवरी पाटी लावून. दिवाळीनंतर त्या धक्क्याला पाणी शिवत नाही. त्यावर बाया मिरच्या वाळवतात. मिरच्या मात्र झकास वाळतात.

मग नाव पाण्यात जाते कशी? वाटेनं. गावाच्या निंबापासून पाण्यापर्यंत एक पट्टा आहे, नाव आणि तिच्या दोन्ही बाजूंना माणसं मावतील एवढा रुंद. संध्याकाळी नाव ओढत निंबाखाली आणतात, कारण पाण्यात ठेवली तर भंगारवाले पत्रा कापून नेतात. सकाळी पुन्हा ओढत पाण्यावर नेतात. पाणी जसं मागं सरकतं तशी वाट पुढं वाढत जाते. ओला गाळ उघडा पडला की घराघरातून पऱ्हाटीचा एक-एक भारा येतो. कपाशीच्या त्या वाळल्या काड्या गाळावर अंथरायच्या, त्यावरून माणसं आणि नाव जाऊ द्यायची. चार दिवसांत गाळ दबून रस्ता होतो. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली जातं, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आणि इंदूबाईचा नियम असा की ज्याला पलीकडं जायचं त्यानं दोराला हात लावायचा. पाटील असो, बौद्धवाड्यातला असो, नाहीतर टाय लावलेला बँकेचा माणूस असो. एकदा नवरदेव निघाला होता. बाशिंग रजेवर आलेल्या वामनरावच्या हातात देऊन त्यानं दोर धरला होता. गावात अशा जागा फार नाहीत जिथं सगळ्यांचे तळहात एकाच दोरानं सोलतात. ही एक होती.

आता गावातल्या बड्या शेतकऱ्याकडं, उत्तमरावकडं येतो. पाणी हटल्यावर उघडी पडते त्या जमिनीला आम्ही गाळपेरा म्हणतो. काळं लोणी. ती सरकारची, एका हंगामापुरती कसायला मिळते. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना आधी मिळावी, असं बोलतात. सावरगव्हाणात ती चार गरिबांच्या नावावर मिळते आणि उत्तमरावच्या ट्रॅक्टरखाली जाते. लोक गप्प बसतात. का बसतात, हा वेगळा लेख होईल आणि त्यात माझ्या शिव्या संपादक छापणार नाहीत. पण एक गोष्ट होती. गाळपेरा कोणीही करो, नावेची वाट कोणी नांगरत नव्हतं. सांगावं लागत नव्हतं. औत तिथं आलं की आपोआप वळायचं.

गेल्या फाल्गुनात इंदूबाई नावेला लावायचं डांबर आणायला अकोल्याला गेली होती. सकाळची खेप झाल्यावर तळाला एक भोक दिसलं होतं, म्हणून नाव निंबाखाली पालथी होती. दिवस बाजाराचा, गाव बाळापूरला. दुपारी उत्तमरावनं वाटेवर रोटाव्हेटर फिरवला. वर्षांनुवर्षांची दबलेली पऱ्हाटी वर आली, पट्ट्याचं पीठ झालं, आणि मजूर लावून त्यानं त्यात टरबुजाची रोपं लावून घेतली. नर्सरीतली, दोन-दोन पानांची. संध्याकाळी लोक परतले तेव्हा रोपांना पाणी घालूनसुद्धा झालं होतं. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना त्याचीच टरबुजं आधीपासून होती, म्हणजे बाजूनं नाव न्यायलाही जागा नाही.

टरबुजासाठी केलं असं समजू नका. तेवढ्या पट्ट्यात टरबुजं होऊन होऊन किती होतील. खरी गोष्ट अशी की उत्तमरावचा पुतण्या नितेश याला धरणावर मोटारबोट आणायची आहे. पर्यटन, सेल्फी, तिकीट. आणि इंदूबाईच्या परवान्यात अट आहे की नाव सलग तीन दिवस बंद राहिली तर पंचायत तो दुसऱ्याला देऊ शकते. आता समजलं? चोर दार फोडत नाही हल्ली, दारात तुळस लावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमली. पलीकडं हरभरा सोंगणीला आला होता, घाटे तडकायला लागले होते. इंदूबाईनं पहाटेच डांबर लावून नाव सुलटी केली होती. तिनं दोर टाकला. कोणी उचलेना. सगळे पट्ट्याच्या काठावर उभे, चपला हातात, आणि खाली त्या इवल्या रोपांकडं पाहत. इंदूबाई बोलायला लागली आणि तिनं कोणाचं काही ठेवलं नाही. शेवटी डोमाजी पुढं झाला. डोमाजी बौद्धवाड्यातला जुना माणूस, रोज पहिल्या खेपेचा, त्याचा शब्द सगळा वाडा मानतो. तो खालच्या आवाजात म्हणाला, "इंदू, तू शिव्या दे, आमी खातो. पण पेरलेल्यात पाय टाक म्हणू नको बापा. माह्यानं होत नाही."

गर्दी घरी गेली. मला फोनवर हे कळलं तेव्हा मी खुर्ची लाथाडली. अरे, तुमचा हरभरा तिकडं उन्हात फुटून राहिला, आणि तुम्ही चोराच्या टरबुजाचा जीव सांभाळता? उत्तमरावला हेच ठाऊक होतं. त्यानं काटेरी तार लावली असती तर लोकांनी तोडली असती. म्हणून त्यानं रोपं लावली. आमच्या लोकांच्या अंगात जे सगळ्यात चांगलं आहे, त्याचं त्यानं कुंपण केलं. याचा मला जो राग आहे तो तारेच्या कुंपणाचा आला नसता.

इंदूबाई त्याच्या ट्रॅक्टरपाशी गेली. उत्तमराव टायरवर बसून चहा पीत होता.

"उत्तमभाऊ, वाट काहून नांगरली?"

"कोणती वाट? नकाशा पाहा ना इंदूबाई. नकाशात इथं पाणी हाये. पाण्यात काय वाट असते?"

"पाण्यात वाट नसते तं मी इतके वर्षं आभायातून चालून राहिली का?"

तो हसला. समजावणीच्या सुरात म्हणाला, तुमचं वय झालं, किती दिवस ओढसान, मोटारबोट आली की तुम्हाला तिकिटं फाडायला ठेवून घेऊ, सावलीत खुर्ची देऊ. इंदूबाईनं त्याला सांगितलं की खुर्ची तुह्या बापाच्या तेरवीले ठेव. मग पंचायतीत गेली. तिथंही नकाशा निघाला. निळा रंग दाखवला. बरोबरच आहे, नकाशा काढणारा पावसाळ्यात आला असेल. वर्षातले आठ महिने जी जमीन आहे ती कागदावर पाणी आहे, आणि जे पाणीच आहे त्यावर लोकांची वाट कशी असेल? हे ज्याला वाजवी वाटतं त्यानं एकदा त्या पाण्यात पोहून दाखवावं.

मी त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचलो, अकोल्याहून चार पोरं घेऊन. म्हटलं, बाजूला व्हा सगळे, आम्ही तुडवतो आणि ओढतो, बघू कोण अडवतं. इंदूबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच उत्तमराव.

"तुमी तुडवसान अन् संध्याकाळच्या गाडीनं निघून जासान. मले इथं या लोकाइच्या डोळ्यात पाहून राहा लागते."

मी चिडून म्हणालो, मग तुम्ही स्वतः टाका पाय, तुमचं कुठं वावर आहे, तुम्हाला काय अडचण? ती सरळ पट्ट्याकडं गेली, दोर खांद्यावर घेतला, उजवा पाय उचलला आणि तसाच धरून उभी राहिली. पायाखाली रोप होतं. मग तिनं पाय मागं घेतला. जन्मभर नाव चालवली, पण पोरपणी आईच्या मागं दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलेलं. एक रोप तुटलं की आईची चापट बसायची. ते पायातून जात नाही. नाव बंद राहिल्याचा दुसरा दिवस असा गेला. मी पारावर बसून सगळ्या गावाला आणि स्वतःच्या नशिबाला शिव्या दिल्या. गावानं मला जेवायला घातलं आणि शिव्या ऐकून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर गोदाबाई आली. ऐंशीच्या घरातली म्हातारी, डोळ्यांनी अधू, नातसुनेचा हात धरून. दोन दिवस तिला कोणी सांगितलं नव्हतं, कारण तिला सांगायचं म्हणजे एकच गोष्ट दहादा ओरडावी लागते. ती पट्ट्याच्या काठाशी बसली. हातानं माती उचलली, चोळली, आणि गर्दीला म्हणाली, "हे माह्यं वावर होय."

कोणाला कळेना. मग वयस्क माणसांच्या ध्यानात आलं. धरणाच्या आधी तिथं गोदाबाईच्या घरची जमीन होती. निंबाच्या खालच्या अंगाला, नाल्यापर्यंत. ती विसरली नव्हती, बाकी सगळे विसरले होते. मीसुद्धा इतकी वर्षं या गावात येऊन हे कोणाला विचारलं नव्हतं.

"पेरणाऱ्यानं मले विचारलं नाई," ती म्हणाली. "मी सांगतो. काढा."

डोमाजी वाकून तिच्या कानात ओरडला की माय, उपटायचं कसं, जितं हाये.

"मारा कोण म्हणते तुले? उचल अन् बाजूले लाव."

आणि तिनं स्वतः पहिलं रोप काढलं. बोटं खोल घातली, मुळाशी मातीचा गोळा धरला, आणि उठून पट्ट्याच्या बाहेर, उत्तमरावच्याच तुकड्यात, दोन ओळींच्या मध्ये लावून दिलं. वरून ओंजळभर पाणी टाकलं. मग दुसरं. तिसऱ्याला डोमाजी बसला. त्यानंतर सगळे बसले. अकोल्याची माझी पोरं बसली, त्यांना आधी मातीचा गोळा धरता येईना, बायांनी त्यांची यथेच्छ थट्टा केली. मी बसलो. दोन दिवसांचा राग बोटांतून मातीत जातो का ते पाहत होतो. नाही गेला, पण रोपं मात्र सगळी गेली पट्ट्याबाहेर. एकही मोडलं नाही. इंदूबाई मागून घागरीनं पाणी घालत येत होती आणि प्रत्येक रोपाला उत्तमरावच्या नावानं एक शिवी देत होती.

मग घराघरातून पऱ्हाटी निघाली. यंदाच्या जळतणासाठी ठेवलेले ढीग रिकामे झाले. रोटाव्हेटरनं केलेल्या पिठात पाय घोट्यापर्यंत जात होता, म्हणून आडवा एक थर, उभा एक थर घातला. ऊन कलायच्या आधी दोर उचलला गेला. अर्ध्या वाटेत नाव रुतली. इंदूबाई नावेत चढून नाकाशी उभी राहिली आणि डावीकडच्यांना म्हणाली की तुमचे हात उत्तमरावनं भाड्यानं घेतले काय. डावीकडचे चवताळले. नाव हलली. पत्रा पऱ्हाटीवरून घासत जातो तो आवाज कानाला गोड नाही, पण तेव्हा मला वाटलं बँड लागलाय. दिवस मावळायच्या आत कूलर पाण्यात होता आणि पहिली खेप पलीकडं लागली होती. परवाना वाचला.

उत्तमराव तेवढा वेळ निंबाखाली उभं राहून मोबाइलवर शूटिंग करत होता. आम्हाला वाटलं, हरला.

आठवड्यानं कळलं काय शूट केलं ते. त्यात गोदाबाई रोप काढते, डोमाजी काढतो, सगळं गाव काढतं. लावतं ते नाही. पाणी घालतं ते नाही. तेवढं कापलेलं. पिकाचं नुकसान केलं, शेतात घुसले, म्हणून त्यानं तक्रार दिली. पहिलं नाव इंदूबाईचं. आणि त्याच अर्जात म्हटलंय की या ठिकाणी पूर्वी कधीही, कोणत्याही प्रकारची वाट नव्हती. ती लावलेली रोपं त्याच्याच तुकड्यात वाढली, त्याची टरबुजं त्यानं तोडून विकली, आणि नुकसान भरपाई पण मागतो. अशा माणसाला आमच्याकडं काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे, मी लिहीत नाही.

आता तालुक्याला सुनावणी आहे. तारीख लागली आहे येत्या सोमवारची. तहसीलदार साहेबांनी इंदूबाईला विचारलंय, वाट होती याला पुरावा काय? नकाशात निळा रंग. सातबारा सरकारचा. पावसाळा तोंडावर आलाय, महिनाभरात सगळी जागा पाण्याखाली जाईल, मग पंचनाम्याला कोणी आलं तरी पाणी पाहून परत जाईल. वाट नव्हती असं ठरलं तर पुढच्या हंगामात तिथं टरबुजं आणि पाण्यावर नितेश. इंदूबाईला काळजी वाटते का विचारलं तर म्हणते, "मले काय, मी तोंडानं जगीन." पण परवा वामनराव अकोल्याहून रजा काढून आला होता. तो मला म्हणाला की ती दोन रात्री झोपली नाही. उठून निंबाखाली नावेला हात लावून येते.

गावातले साक्ष देतील. पण ते गावातले आहेत, साहेब म्हणेल हे तर आरोपीच. बाहेरची माणसं पाहिजेत. आणि बाहेरची माणसं भरपूर आहेत, हे मला पक्कं माहीत आहे. सावरगव्हाणला सोयरीक करायला गेलेले आहात, बँकेच्या वसुलीला, निवडणुकीच्या ड्यूटीला, जनगणनेला, लसीकरणाला गेलेले आहात. पलीकडं नेण्याआधी तुम्हाला त्या बाईनं दोर धरायला लावला होता आणि तुम्ही मनात तिला चार शब्द बोलला होता. तुम्हीच ते. तुमच्यातले काही आज अमरावतीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, काही पेन्शनर आहेत, काहींना हे वाचून चुळबूळ सुटली असेल.

सोमवारी सकाळी अकरापर्यंत तालुक्याच्या कचेरीत या. अकोल्याहून बस आहे, नसेल जमत तर मला फोन करा, गाडी पाठवतो. भाषण नको, घोषणा नको, ते माझ्याकडं सोडा. साहेबासमोर उभं राहा, आपलं नाव सांगा, आणि तुम्ही कोणत्या साली त्या वाटेवरून नाव ओढली एवढं एक वाक्य बोलून जा.